बदलापूरहून विमान किती लांब?

बदलापूरहून कोल्हापूरला विमानानं जायचं ठरवलं, तर पहिले दोन-अडीच तास आपण कोल्हापूरपासून लांब जात असतो. माझ्या दुकानात हे सांगितलं की गिऱ्हाइकांना पटत नाही. मग मी काउंटरच्या खणातला शाळेचा नकाशासंग्रह काढते आणि पट्टी लावून दाखवते. बदलापूर ते कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ३०० किलोमीटर. मुंबईचा विमानतळ ते उजळाईवाडी मात्र ३०९. म्हणजे लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो, मग बॅगा ओढत टर्मिनल, एवढा खटाटोप करून आपण विमानाच्या दारात उभे राहतो, तेव्हा कोल्हापूर घरापासून होतं त्याहून नऊ किलोमीटर लांब गेलेलं असतं. अमरावतीला जाणाऱ्यांचं नुकसान याहून मोठं. बदलापूर ते बेलोरा विमानतळ ५०० किलोमीटरच्या आसपास, मुंबई ते बेलोरा ५४०. चाळीस किलोमीटर उलट दिशेला गेल्याशिवाय त्यांचा प्रवास सुरूच होत नाही.

मी बदलापूर पश्चिमेला रेल्वे, बस आणि विमानाच्या तिकिटांचं दुकान चालवते. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले लोक कामासाठी नागपूरच्या अंबाझरीला जातात, उल्हासनगरचे व्यापारी इंदूरला आणि गांधीधामला जातात, आणि बदलापुरात घर घेतलेल्या कोल्हापूर-सांगलीकरांना, कोकणातल्या मंडळींना सणासुदीला गाव गाठायचं असतं. सगळ्यांचा प्रश्न एकच. "ताई, विमानानं किती वेळ लागतो हो?" आणि विचारता विचारता बहुतेकांनी मोबाइलवर उत्तर शोधलेलंही असतं. "हे बघा, त्रेपन्न मिनिटं लिहिलंय!" त्या त्रेपन्न मिनिटांच्या भरवशावर माणूस सकाळी निघून दुपारच्या लग्नाला पोचायचा बेत आखतो. मला ते बघवत नाही. म्हणून हा सगळा हिशेब एकदा नीट मांडायचा आहे.

आधी अंतर कसं मोजतात ते पाहू. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग करतात, त्यांना मिनिटं म्हणतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. जहाजं आणि विमानं आजही याच मापात अंतर मोजतात, कारण ते पृथ्वीच्या गोलाईतूनच आलेलं आहे. बदलापूर आहे १९ अंश १० मिनिटांवर, कोल्हापूरचा विमानतळ १६ अंश ४० मिनिटांवर. फरक अडीच अंशांचा, म्हणजे १५० मिनिटं. म्हणजेच १५० सागरी मैल, २७८ किलोमीटर. हे झालं उत्तर-दक्षिण अंतर. पूर्व-पश्चिम मोजायला रेखांश घ्यायचे. विषुववृत्तापासून वर सरकू लागलं की रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात. आपल्या पट्ट्यात एक अंश साधारण १०६ किलोमीटरचा पडतो. बदलापूर आणि उजळाईवाडी यांच्यात एक अंशाहून थोडा जास्त फरक आहे, म्हणजे १११ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण काढा. एक बाजू २७८, दुसरी १११. शाळेतला पायथागोरस कर्ण काढून देतो, ३०० ला एक-अर्धा किलोमीटर कमी. माझ्या भाचीनं हे गणित दुकानात बसून पावतीच्या मागे सोडवलं होतं.

राज्यातल्या राज्यात एवढं गणित पुरतं. लांबच्या प्रवासाला पृथ्वी गोल आहे हे धरावंच लागतं. मुंबईहून अमेरिकेला जाणारं विमान नकाशावर विनाकारण उत्तरेला वाकल्यासारखं दिसतं, पण घरातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिलात तर तीच वाट सगळ्यात जवळची असल्याचं दिसेल. कोल्हापूर-मुंबईत ही गोलाई लक्षातही येत नाही.

आता वेळ. मोबाइलवरचं उत्तर बहुतेकदा ठरावीक पद्धतीनं निघतं. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरायचा, अंतराला त्यानं भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. ३०९ भागिले ८०० म्हणजे तेवीस मिनिटं, वर तीस. झाली त्रेपन्न. हे उत्तर खोटं नाही. कंपन्यांच्या वेळापत्रकातही मुंबई-कोल्हापूर तासाभराच्या आसपासच असतं. पण यातली गंमत तेवीस आणि तीस या दोन आकड्यांत आहे. प्रत्यक्ष अंतर कापायला लागणाऱ्या वेळेपेक्षा चढ-उताराचीच वेळ जास्त. छोट्या पल्ल्याचं विमान उंचीवर पोचतं न पोचतं तोच उतरायला लागतं. शिवाय १०,००० फुटांच्या खाली विमानानं साधारण २५० नॉटच्या आत, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास राहायचं असतं. त्यामुळे ८०० चा वेग या प्रवासात जेमतेम काही मिनिटं मिळतो.

म्हणूनच पंख्याचं एटीआर विमान पाहून नाक मुरडणाऱ्यांना मी थांबवते. एटीआर ७२ साधारण ताशी ५०० किलोमीटरनं जातं, सत्तरेक माणसं बसवतं आणि आखूड धावपट्टीवर उतरतं. अमरावतीची धावपट्टी १,८५० मीटरची आहे. तिथे १६ एप्रिल २०२५ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं ते अलायन्स एअरचं एटीआरच. कोल्हापूरएवढ्या अंतराला जेट आणि एटीआर यांच्यात कागदावर चौदा-पंधरा मिनिटांचा फरक निघतो, प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

अमरावतीचाच हिशेब करून पाहा. ५४० किलोमीटर, वेग ५००, म्हणजे पासष्ट मिनिटं व्हायला हवीत. सुरुवातीच्या वेळापत्रकात विमान मुंबईहून दुपारी अडीचला सुटून सव्वाचारला पोचणार होतं. पावणेदोन तास. मधली चाळीस मिनिटं जातात कुठे?

वेळापत्रकातली वेळ आकाशात धरत नाहीत. विमानाच्या चाकांखालचे अडसर काढून ते जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पलीकडच्या विमानतळावर ठरलेल्या जागी उभं राहिलं की थांबतं. मुंबईत धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभं राहणं त्यात आलं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. एवढं मोठं शहर एका वेळी एकाच धावपट्टीवर चालतं. त्यात वारा बहुधा समुद्राकडून येतो आणि विमानं वाऱ्याला सामोरं जाऊनच उडतात. म्हणजे पूर्वेला नागपूरला किंवा अमरावतीला जायचं असलं तरी उड्डाण पश्चिमेला, अरबी समुद्रावर, आणि मग वळून परत मुंबई ओलांडायची. तीन-साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात हा वळसा चांगलाच जाणवतो.

उतरणाऱ्या विमानांची रांग आमच्या गच्चीवरून दिसते. संध्याकाळी मलंगगडाच्या अंगाला पाहिलं की पूर्वेकडून आलेल्या विमानांचे दिवे एकामागे एक, ठरावीक अंतर राखून, मुंबईकडे उतरत जाताना दिसतात. पावसाळ्यात, ढग खाली आलेले असताना, एखादं विमान रांगेतून बाजूला होऊन लांब वळण घेतं आणि काही मिनिटांनी पुन्हा शेवटी येऊन लागतं. आत बसलेल्यांना वैमानिकाची घोषणा ऐकू येत असेल. खाली गच्चीत कपडे काढताना मला मात्र त्याचं इंधन आणि माणसांची वेळ डोळ्यांसमोर खर्च होताना दिसते. मुंबईला उतरणाऱ्या विमानाच्या वेळापत्रकात दहा-वीस मिनिटं जास्तीची टाकलेली असतात ती यासाठी. म्हणून कधी रांग नसली की विमान "वेळेआधी" पोचतं.

वाऱ्याचाही हात असतो. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. मुंबईहून नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर. त्यामुळे त्याच ६८३ किलोमीटरला जाताना काही मिनिटं कमी आणि येताना काही जास्त लागतात. गिऱ्हाईक विचारतं की परतीची वेळ जास्त का छापली, तेव्हा मी वाऱ्याकडे बोट दाखवते.

इथपर्यंत विमानाचा हिशेब झाला. माणसाचा हिशेब घराच्या दारापासून सुरू होतो, आणि आमच्या तिन्ही शहरांत तो फार महाग पडतो.

बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर, अंबरनाथ ६० आणि उल्हासनगर ५८. विमानतळ गाठायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग मी असा सांगते. फास्ट लोकलनं घाटकोपर, तासभर. तिथून मेट्रो एकनं मरोळ नाका. मरोळ नाक्याला खाली उतरून भुयारी मेट्रो तीन पकडायची. टर्मिनल दोनला जायचं असेल तर पुढचंच स्टेशन, टर्मिनल एकला जायचं असेल तर तिसरं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ही भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या गर्दीत अडकण्याची धाकधूक गेली. हे खरोखर मोठं काम झालं आहे. पण घरून स्टेशनला रिक्षा, लोकलची वाट, घाटकोपरच्या पुलावरची गर्दी आणि मेट्रोची अदलाबदल धरून सव्वादोन तास हाताशी ठेवावेच लागतात. सकाळी सात ते साडेनऊच्या बदलापूर लोकलमध्ये मोठी बॅग घेऊन चढण्याचं धाडस करू नका. पहाटेच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नाही, तेव्हा रात्रीच टॅक्सी ठरवावी लागते. आणि रविवारचं विमान असेल तर शनिवारी मेगाब्लॉकची बातमी वाचल्याशिवाय झोपू नका.

आता बेरीज करू. घर ते विमानतळ सव्वादोन तास. बहुतेक कंपन्यांचा सामानाचा काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचायचं. विमान एक तास. सामान घेऊन बाहेर पडायला वीस मिनिटं. उजळाईवाडीहून कोल्हापुरात शिरायला अर्धा तास. झाले साडेपाच तास, आणि सगळं सुरळीत झालं तर. यातला विमानाचा वाटा एका तासाचा. आपल्या गाडीनं कर्जत-खोपोलीवरून द्रुतगती महामार्गाला लागलं तर कोल्हापूर सात तासांत येतं. महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याणला रात्री नऊ-सव्वानऊच्या सुमारास येते आणि सकाळी सातच्या सुमारास कोल्हापूरला सोडते. रेल्वेचा मार्ग पुणे-मिरज असा वळसा घालून जातो, मुंबईपासून ५१८ किलोमीटरचा. सरळ अंतराच्या जवळपास पावणेदोन पट. पण रात्रीची झोप गाडीत होते, दिवस पूर्ण हाती राहतो आणि अंबाबाईच्या दर्शनाला आंघोळ करून वेळेत पोचता येतं. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला मी महालक्ष्मीचंच तिकीट आधी सुचवते.

महालक्ष्मीचं नाव निघालं की बदलापूरकराला २७ जुलै २०१९ आठवतोच. आदल्या रात्री मुंबईहून निघालेली ही गाडी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, उल्हास नदीच्या पुराच्या पाण्यात अडकली. आत हजारावर प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, आसपासच्या गावकऱ्यांनी हात दिला. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले आणि त्यांना कल्याणहून दुसऱ्या गाडीनं कोल्हापूरला पाठवलं. त्या दिवसानंतर जुलै-ऑगस्टमध्ये विमानाचं तिकीट मागणारे कोल्हापूरकर माझ्याकडे वाढले. त्यांची भीती मला समजते. पण तसा पाऊस पडला तर लोकलही बंद होते आणि बदलापूरहून विमानतळ गाठणंच अवघड होतं, हेही मी त्यांना सांगते.

नागपूरचं चित्र वेगळं आहे. विमान दीड तास, वर आपले साडेचार-पाच तास धरले तरी सकाळी निघून दुपारी माणूस नागपुरात असतो. रेल्वेनं कल्याणहून तेरा-चौदा तास. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला, एकूण ७०१ किलोमीटर, पण एवढं अंतर गाडी हाकायला दोन चालक हवेत. तिथे विमान निर्विवाद जिंकतं. अमरावतीत सामना अटीतटीचा आहे. ज्याला दिवस वाचवायचा त्यानं कल्याणहून रात्रीची गाडी पकडावी, ज्याला कंबरदुखी आहे त्यानं विमान. इतक्या वर्षांच्या अनुभवानं मी एक ढोबळ रेघ मारली आहे. सरळ अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत असेल तर आमच्या भागातल्या माणसाला विमान क्वचितच परवडतं, ना वेळेत ना पैशात. पाचशेच्या पुढे ते वेळ वाचवू लागतं. दादर किंवा विलेपार्ल्याच्या माणसासाठी ही रेघ वेगळी येईल.

आणखी एक गोष्ट मोबाइल सांगत नाही. त्याला कोल्हापूर ते नांदेड विचारा, तो लगेच ४२५ किलोमीटर आणि तासाभराची वेळ दाखवेल. दोन विमानतळ आहेत, त्यांच्यात अंतर आहे, म्हणून त्यांच्यात विमान असेलच असं नाही. हे अंतर गणितातलं असतं. विमान चालतं ते प्रवाशांवर, सरकारी मदतीवर आणि मुंबईसारख्या ठिकाणी उतरायला मिळणाऱ्या वेळेवर. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतलं पहिलं विमान सिमल्याहून दिल्लीला निघालं. त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. योजनेचं आश्वासन होतं की तासाभराच्या, साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला विमानातल्या निम्म्या जागा अडीच हजार रुपयांत मिळतील. तोटा भरून काढायला कंपनीला तीन वर्षं मदत. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कननं एकोणीस आसनांच्या विमानानं मुंबई-जळगाव आणि मुंबई-नाशिक जोडलं, पण ते टिकलं नाही. एकोणीस माणसांचं विमान असो की तीनशे माणसांचं, मुंबईच्या धावपट्टीवर दोघांनाही जवळपास तेवढीच जागा आणि मिनिटं लागतात. मग छोट्याला कोण वेळ देणार? सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला तेव्हा आमच्याकडचे मालवणचे लोक किती हरखले होते. ३५० किलोमीटर, सव्वा-दीड तास! तीन वर्षांची मुदत संपली आणि मुंबईची ती सेवा बंद पडली. गणपतीला परत दिवा-पनवेलहून कोकण रेल्वे. म्हणून छोट्या विमानतळाचं तिकीट महिनोन् महिने आधी काढणाऱ्यांना मी रेल्वेचा पर्याय डोक्यात ठेवायला सांगते.

अंतर आणि वेळ यांची सगळ्यात क्रूर फारकत मला उल्हासनगरच्या एका वृद्ध कापड व्यापाऱ्यांनी दाखवली. गांधीधामला भाचीच्या लग्नाला जायचं होतं, कांडला विमानतळाची चौकशी करायला ते आले होते. मुंबईपासून ५३० किलोमीटर, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि कराची?" मी नकाशावर पट्टी ठेवली. ८७५ किलोमीटर. नागपूरपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त, विमानानं पावणेदोन तासांचा रस्ता. त्यांचा जन्म तिथला. टाटांची टपाल-विमानसेवा याच वाटेवर सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा यांनी स्वतः छोटं विमान चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली ती कल्याणच्या लष्करी छावणीत, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आज मुंबई-कराची थेट विमान नाही. एप्रिल २०२५ पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद केलं. मोबाइल मात्र त्याच तत्परतेनं दीड-पावणेदोन तास असं उत्तर देतो. त्यांना मी कांडल्याची वेळ लिहून दिली.

उल्हासनगर ज्या युद्धकाळातल्या छावणीतून उभं राहिलं, त्याच युद्धकाळात आमच्या शेजारी विमानतळही झाला होता. अंबरनाथहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी लागतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, धावपट्टी ओस पडली, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. ती परत मिळावी म्हणून गावकरी पिढ्यान् पिढ्या झगडले आणि जून २०१७ मध्ये हे आंदोलन पेटलंही. मधल्या काळात मुंबईच्या दुसऱ्या विमानतळाची पर्यायी जागा म्हणून कल्याण-नेवाळीचं नाव चर्चेत आलं होतं. काही जण अजून हळहळतात. मला तसं वाटत नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरी मी गेले आहे. माझ्या गिऱ्हाइकांचा तास वाचावा म्हणून त्यांनी आणखी काही सोसावं असं मला म्हणवत नाही.

दुसरा विमानतळ शेवटी पनवेलजवळ झाला. नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. आमच्यासाठी ही बातमी मुंबईच्या सहार विमानतळाच्या कुठल्याही टर्मिनलपेक्षा मोठी आहे. बदलापूर ते सहार सरळ रेषेत ४० किलोमीटर, बदलापूर ते नवी मुंबई विमानतळ फक्त २६. तिथून कोल्हापूरही २८९ किलोमीटरच उरतं, म्हणजे घरून निघालेला माणूस प्रथमच योग्य दिशेला जाईल. पण मध्ये मलंगगड आणि माथेरानची रांग आडवी आहे. रेल्वेनं जायचं तर ठाण्यापर्यंत मागे जाऊन ट्रान्स-हार्बरनं परत पनवेलकडे यायचं. रस्त्यानं नेवाळी, खोणी, तळोजा असं जायचं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि वाटेत ट्रकांची गर्दी. २६ किलोमीटरला दीड तास सहज जातो.

उपाय डोंगराच्या पोटात आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गासाठी बदलापूरच्या भोज गावापासून पनवेलच्या मोरब्यापर्यंत माथेरानच्या डोंगराखालून चार किलोमीटरहून थोडे लांब असे जुळे बोगदे खणले आहेत. तो मार्ग वाहतुकीला पूर्ण मोकळा झाला की बदलापूर-पनवेल हे अंतर मिनिटांत मोजता येईल. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचं कामही त्याच डोंगररांगेत चाललं आहे. त्यावर लोकल धावू लागल्या की बदलापूरहून कर्जतमार्गे पनवेल गाठता येईल. माझी ढोबळ रेघ तेव्हा पुसून नव्यानं मारावी लागेल. घर ते विमानतळ सव्वादोन तासांऐवजी पाऊण तास झाला, तर कोल्हापूरचं विमान महालक्ष्मीशी बरोबरी करू शकेल.

मात्र बोगदा ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच उपयोगी. म्हणून कुळगाव-बदलापूर आणि अंबरनाथ नगर परिषदांना, उल्हासनगर महापालिकेला आणि आमच्या आमदार-खासदारांना माझी विनंती आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी तिन्ही स्टेशनं घेत नवी मुंबई विमानतळाला थेट जाणारी बस मागा. पहाटे चारपासून हवी, सामान ठेवायला जागा असलेली हवी, आणि मार्ग खुला होताच बोगद्यातून जाणारी हवी. एसटीनं चालवावी की महापालिकेच्या परिवहन सेवेनं, ते तुम्ही ठरवा. तिन्ही शहरांची लोकसंख्या पाहता ती रिकामी धावणार नाही, हे मी काउंटरवर बसून खात्रीनं सांगते.

आणि वाचकांनो, ती बस येईपर्यंत एवढं करा. तिकीट काढण्याआधी त्यावरची अक्षरं वाचा. बीओएम असेल तर सहार किंवा सांताक्रूझ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. दोन्हींना "मुंबई"च म्हणतात, पण बदलापूरच्या माणसाला त्यांचे रस्ते घराच्या दारातूनच वेगळे होतात.